कमलला हाक मारली नाही

आमच्या कोराडीच्या कॉलनीत एका पिंपळाबद्दल लोक काय काय सांगायचे. त्याच पिंपळाखाली मी पंचवीस वर्षं मेसची भांडी घासली. वीज प्लांटच्या राखेशिवाय माझ्या अंगावर काही पडलं नाही. भूतखेत, बाधा, करणी हे सगळं रिकाम्या लोकांचं बोलणं आहे असं मी तोंडावर सांगायची, आणि त्यामुळे माझी बरीच भांडणंही झाली आहेत. म्हणून आता हे लिहिताना मला थोडं जड जातंय. पण इथे बाकीच्यांचे अनुभव नात मला वाचून दाखवते, तर म्हटलं आपलाही लिहावा. घडलं तेवढंच सांगते. जे मला कळलं नाही, ते कळलं म्हणून सांगणार नाही.

माझं नाव गिरजा. वय एकोणसत्तर, शिक्षण चौथी. नवरा प्लांटमध्ये होता, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी कळमेश्वरला दिली. मी आणि कमलनं मिळून पंचवीस वर्षं मेस चालवली. कमल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तीही विधवा. तिचा एकुलता एक मुलगा नितीन मौद्याला नोकरीला आहे, त्याच्या दोन खोल्यांच्या घरात ती राहायची. रोज सकाळच्या बसनं यायची, संध्याकाळच्या बसनं जायची. मी बोलायला तिखट, ती मऊ. लोक म्हणायचे, यांचं जमतं कसं. जमायचं, कारण ती ऐकून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संस्थेनं कंबोडियात कृत्रिम पाय बसवायचं शिबिर घेतलं. त्या देशात जुन्या लढाईतले सुरुंग अजून जमिनीत आहेत, शेतात काम करताना माणसांचे पाय जातात. अठरा जणांची टीम, अडीच महिन्यांचा मुक्काम. पाय बनवणारे कारागीर सगळे आपल्याकडचे, वरण-भात-पोळीशिवाय त्यांचं चालत नव्हतं. म्हणून संस्थेनं स्वयंपाकाला आम्हा दोघींना नेलं. पासपोर्ट काढला तेव्हा कमल म्हणाली, "रामटेकच्या पलीकडं कधी गेली नाही मी, अन् आता एकदम विमान." अडीच महिने आम्ही रोज पहाटे कणीक भिजवली. दुपारी ओसरीवर बसून पाय मिळालेली माणसं चालताना पाहिली. पहिली दहा पावलं टाकताना कोणी हसायचं नाही, रडायचं नाही. सगळे खाली पाहायचे. ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

शिबिर संपलं, टीम परत निघाली. आमच्यात ऋचा नावाची फिजिओथेरपिस्ट होती, अठ्ठावीस वर्षांची, नागपूरचीच. तिचा आधीपासून बेत होता की शिबिर झालं की दोन मैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून लाओसमधून वर वर जायचं, मग व्हिएतनाम, आणि तिथून विमानानं घरी. ऐन वेळी दोघींनी माघार घेतली. ऋचा आमच्याकडे आली.

"मावशी, तुम्ही दोघी चला ना माझ्यासोबत."

"आम्ही म्हाताऱ्या काय करू तिकडं?" मी म्हटलं.

कमल भांडी पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, "का वं, अडीच महिने पोळ्या लाटल्या तवा म्हातारी नव्हती. आता फिराचं म्हटलं तं म्हातारी झाली?"

मग काय, त्या दोन मुलींच्या सॅक आम्ही घेतल्या आणि निघालो. नऊवारी नाही, पण साडीच. साडीवर सॅक. बसस्टँडवर गोरी पोरं आमचे फोटो काढायची. कमल मला हळूच म्हणायची, "नीट चाल वं गिरजे, फोटो काढून राहिले." मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

आता एक सवय सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. माझं माहेर कळमेश्वरजवळचं खेडं. आमच्या घरी अशी रीत होती की परक्या ठिकाणी मुक्काम झाला — पाहुण्यांचं घर असो, जत्रा असो, दवाखाना असो — तर निघताना सगळ्यांत मोठ्या बाईनं उंबऱ्यावर उभं राहायचं, तोंड आत करायचं आणि एकेकाला नावानं हाक मारायची. "चल वं गिरजा, घरी चल." जिचं नाव घेतलं तिनं "आली" म्हणायचं. पुढचा मुक्काम कुठेही असो, हाक घराचीच. आई सांगायची, हाक मारली नाही तर माणूस निघते, पण त्याचं मन तिथंच बसून राहते. मला ती हजेरी वाटायची. मेसची मोठी कामं घ्यायला लागलो तेव्हा लग्नाच्या हॉलमधून निघताना मी हेच करायची, कारण एकदा आमची एक बाई मागे राहिली होती आणि एकदा मोठी कढई. कढईला हाक मारता येत नाही, पण बाया तरी मोजल्या जायच्या.

प्रवासातही मी प्रत्येक गेस्ट हाऊसच्या दारात हे करत होते. ऋचाला मजा वाटायची. ती मोबाईलवर व्हिडिओ काढायची आणि स्वतःचं नाव आलं की शाळेतल्या पोरीसारखी "आली" म्हणायची.

लाओसच्या दक्षिण टोकाला मेकाँग नदी इतकी पसरते की तिच्यात शेकड्यांनी बेटं झाली आहेत. त्यातल्या एका बेटावर आम्ही तीन दिवस राहिलो. लाकडी खांबांवर उभं घर. खाली मोकळी जागा, तिथे चूल आणि एक लांब बाक. वर तीन खोल्या, त्यातली नदीकडची आमची. तीन कॉट, एक खिडकी. घरमालकीण माझ्याच वयाची विधवा होती. तिला सगळे जे म्हणायचे त्याचा अर्थ आई, असं ऋचानं सांगितलं, म्हणून मी तिला मायच म्हणायला लागले. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. ऋचा फोनवर बोलायची, फोन भाषांतर करायचा. कमलला त्या फोनची गरजच पडत नव्हती. ती चुलीपाशी जाऊन बसायची आणि दोघी भाज्या निवडायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका घरासमोर हातमागावरची लुगडी मांडली होती. अर्धीच असतात, आपल्या परकरासारखी, खाली रेशमाचा काठ. कमल त्यातलं एक निळं घेऊन बसली. सुनेसाठी. उलटून पाहते, पालटून पाहते, हात फिरवते. ऊन डोक्यावर. माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, थांब वं, तिले असा निळा आवडते.

आणि माझ्या तोंडून निघालं. जे निघायला नको होतं ते.

"कोणासाठी घेऊन राहिली? निघाच्या दिवशी नितीन मले काय म्हणाला मालूम आहे? 'मावशी, आईले वापस आणाची घाई करू नका. सहा महिने लागले तरी चालते.' तुले कामाले पाठवलं नाही त्यानं. घरातून काढलं."

नितीन असं म्हणाला होता हे खरं आहे. आपल्या बायकोशी बोलून म्हणाला होता, हेही मला दिसलं होतं. पण मी ते तीन महिने पोटात ठेवलं होतं, ते ठेवायलाच हवं होतं. कमलनं ते लुगडं घडीवर घडी पाडून होतं तसं ठेवलं आणि उठली.

मायच्या घरी पोचल्यावर ती फक्त एवढं म्हणाली, "तुले पह्यलेपासून मालूम होतं, तं आतापर्यंत मले काहून हसू दिलं?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. मी अबोला धरला. चूक माझी आणि अबोलाही माझाच. आमच्याकडे अबोला म्हणजे त्या माणसाचं नाव तोंडात घ्यायचं नाही. भावाशी माझा चार वर्षं अबोला होता, तेव्हा मी त्याचा उल्लेख "तो कळमेश्वरचा" असाच करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची नाव होती. सॅक पाठीवर घेतल्या. मी वरच्या दारात उभी राहिले, तोंड आत केलं. "चल वं ऋचा, घरी चल." ती जिन्यावरून म्हणाली, "आली." मग माझं मी म्हटलं, "चल वं गिरजा, घरी चल," आणि "आली" म्हटलं. कमल जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होती. ती थांबली होती. मला दिसलं की ती थांबली आहे. मी तिच्या बाजूनं खाली उतरले.

नावेत ती गप्प. मला वाटलं, रुसली आहे, रुसू दे. पाकसे नावाच्या शहरात पोचलो, तिथेही गप्प. संध्याकाळी ताटातल्या भाताला हात लावला नाही. मी ऋचाला म्हटलं, भूक लागली की खाईल. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा रुसवा नाही. रुसलेलं माणूस तुमच्याकडे बघत नाही, पण आपण कधी बघतो याकडे त्याचं लक्ष असतं. कमलचं कशाकडेच नव्हतं. उभं केलं की उभी, बसवलं की बसलेली. सॅकचा पट्टा धरून ओढलं की चालायची. नाव घेतलं तर मान वळायची नाही. ते नाव ऋचाच घेत होती. मी अजून नाही.

ऋचानं तिला हात वर करायला लावले, डोळ्यात टॉर्च मारला, नाडी पाहिली. "मावशी, लकव्याच्या अटॅकचं काही दिसून नाही राहिलं. पण हे बरोबर नाही." ती भात पातळ करून चमच्यानं भरवायची. चार चमचे जायचे. अंघोळ मी घालत होते. एक गोष्ट तेव्हाच खटकली होती — रोज केस धुवायचे, आणि रोज सकाळी तिच्या केसांना लाकडाच्या धुराचा वास. पाकसेत आमचा मुक्काम पक्क्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. आसपास चूल नव्हती.

तिथून आम्ही सावन्नाखेतला गेलो, कारण तिथे मोठा दवाखाना आहे असं कळलं. चौथ्या दिवशी तिथे रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर चांगले होते, वेळ दिला त्यांनी. म्हणाले, तपासणीत काही सापडत नाही, पण या वयात असं खाणं सुटलं तर आठवडाभरात अंगातलं त्राण जाईल. मग सलाईनशिवाय इलाज नाही, आणि सलाईनवर विमानात बसवता येणार नाही.

ऋचानं नितीनला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं "आई, आई" केलं. कमल फोनकडे भिंतीकडे पाहावं तशी पाहत होती. मग नितीन मला म्हणाला, "मावशी, तिले आराम करू द्या तिकडं. घाई करू नका."

मी फोन ऋचाकडे दिला.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो. ऋचाच्या मोबाईलवर मेसेज आला. बेटावरच्या मायची एक भाची होती, खोलीचं बुकिंग तीच बघायची. तिचा मेसेज होता. फोननं भाषांतर केलं आणि ऋचानं मला वाचून दाखवलं: "तुमची मैत्रीण अजून खोलीत आहे. तिला न्यायला कधी येणार? मावशी विचारते."

"काहीतरी भाषांतर चुकलं," ऋचा म्हणाली. "सामान राहिलं असेल आपलं." तिनं उलट विचारलं. उत्तर आलं, सामान नाही, मैत्रीण. मग तिनं बाकावर बसलेल्या कमलचा तिथल्या तिथे फोटो काढला आणि पाठवला, की आमची मैत्रीण तर ही इथे आहे. पाच मिनिटांनी उत्तर आलं.

"हो. हीच."

 ऋचा मोबाईलमध्ये मागे मागे जात राहिली. तिला त्या सकाळचा व्हिडिओ सापडला, नेहमीसारखा मजेनं काढलेला. तिनं तो माझ्यापुढे धरला. त्यात मी उंबऱ्यावर उभी आहे. ऋचाचं नाव घेते, माझं घेते, आणि वळून उतरते. कमल दुसऱ्या पायरीवर. मी खाली जाईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघते आहे. तिचं तोंड थोडं उघडं आहे. "आली" म्हणायला तयार.

"मावशी, तुम्ही तिचं नाव नाही घेतलं?"

"नाही."

"काहून?"

"बस कधी आहे ते पाह्य," मी म्हटलं.

अख्खा दिवस बसमध्ये गेला. पाकसेत मुक्काम, सकाळी छोटी गाडी, मग नाव. बेटावर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील, चांगलं लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगते, कारण लोक विचारतात अंधार होता का. नव्हता.

माय नदीकाठी कपडे धूत होती. आमच्याबरोबर उतरणाऱ्या कमलला तिनं पाहिलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. हात पुसत आली, कमलला दंडाला धरून खालच्या बाकावर बसवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला वर जा म्हणून बोटानं खूण केली. मग फोनमध्ये बरंच बोलली. ऋचा वाचून दाखवत होती. "पाच दिवस खोली कोणाला दिली नाही. सकाळ-दुपार ताट ठेवते. जेवत नाही. खिडकीजवळ बसते. तुम्ही बोलावलं नाही म्हणून राहिली, असं होतं कधी कधी. तुम्हीच बोलवा."

म्हणजे तिकडेही ही गोष्ट लोकांना माहीत होती. माझ्या आईचं बोलणं मला कोणी समुद्रापलीकडच्या भाषेत परत ऐकवत होतं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. एकच विचार होता — हिला मी मारून घरी नेणार का.

वर गेले. खोली रिकामी. खिडकीजवळच्या कॉटवर चादर नीट अंथरलेली, मच्छरदाणी बाजूला बांधलेली. स्टुलावर ताट. चिकट भात, उकडलेलं अंडं, पाण्याचा पेला. थंडी वाजली नाही, अंगावर काटा आला नाही, कोणी असल्यासारखं वाटलं नाही. मला रिकामी खोलीच दिसत होती.

मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "चल वं कमल, घरी चल." पाच दिवसांनी ते नाव तोंडात घेतलं. जरा मोठ्यानंच निघालं.

खालून ऋचा ओरडली, "काही नाही मावशी. तशीच आहे."

मी परत म्हटलं. परत तेच. माय जिना चढून अर्ध्यात आली होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि काहीतरी विचारलं. ऋचानं खालून सांगितलं, "माय विचारते, कुठं नेता तिला?"

"घरी," मी म्हटलं. ते म्हटलं आणि मला कळलं. कोणतं घर? ज्या घरी घाई करू नका म्हणतात ते? ते तर मीच भर रस्त्यात तिचं काढून घेतलं होतं. आता कोणत्या तोंडानं तिला तिथे चल म्हणत होते?

मी आत गेले आणि तिच्या समोरच्या कॉटवर बसले. आयुष्यात मी कोणाची माफी मागितली नाही. नवऱ्याची नाही, भावाची नाही. मागता येत नाही मला. रिकाम्या कॉटकडे बघून बोलायला तर मुळीच येत नाही. पण बोलले.

"कमल, माझं चुकलं. नितीन म्हणाला थे खरं आहे, पण मी सांगतलं थे तुया भल्यासाठी नाही. माये पाय दुखत होते म्हणून सांगतलं. एवढंच कारण होतं. आता आयक. माया घरी चल. पाहुणी म्हणून नाही. आतली खोली तुयी. कपाट रिकामं करून देतो, अर्धं नाही, पूरं. मी टोचून बोलन, थे काही सुटणार नाही. तूही बोल. पण निघून जा असं या घरात तुले कोणी म्हणणार नाही. चल वं कमल, आपल्या घरी चल."

 नदीवर एका नावेचं इंजिन फुटफुटत होतं. मग खालून आवाज आला. कमलचा.

"आली."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. ती बाकावर बसली होती आणि ऋचानं तिचे दोन्ही हात धरले होते. कमल तिला म्हणत होती, "सोड ना वं पोरी, हात दुखून राहिले." मग माझ्याकडे पाहिलं.  मायनं वरचं ताट खाली आणलं. कमल शाकाहारी, अंडं बाजूला सारलं आणि भात सगळा खाल्ला, आणखी मागितला. मायनं तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. माझ्याही बांधला, का ते मी विचारलं नाही. त्या दुपारी आम्ही निघालो तेव्हा मी तिघींचीही नावं घेतली. पुढचं व्हिएतनाम ऋचानंच रद्द केलं. आठवड्यात नागपूरला आलो.

आता ज्याचं उत्तर मला अजून मिळालं नाही ते सांगते.

घरी आल्यावर एका दुपारी आम्ही तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, सावन्नाखेतच्या दवाखान्यात मोठं मशीन होतं नाही. कमल म्हणाली, "कोणतं सावन्नाखेत?" तिला पाकसे आठवत नव्हतं, बस आठवत नव्हती, दवाखाना आठवत नव्हता. ऋचाकडून फोटो मागवून दाखवले. बाकावर बसलेल्या स्वतःच्या फोटोकडे ती बराच वेळ बघत राहिली. "हे बाई माह्यासारखीच दिसते," म्हणाली, आणि मोबाईल उलटा ठेवला.

तिला त्या पाच दिवसांचं आठवत होतं ते वेगळंच. खिडकीतून दिसणारी नदी. खालून येणारा चुलीचा धूर. दुपारी माय वर येऊन जाळं विणत बसायची आणि आपल्या भाषेत नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. "तुले समजे?" मी विचारलं. "समजत नव्हतं. पण बोलते कोणी, एवढं पुरे ना." आणि म्हणाली, जिन्याखाली पिवळ्या कुत्रीनं तीन पिल्लं दिली. तिसऱ्या दिवशी त्यातलं एक मेलं, मायनं ते केळीच्या बुडाशी पुरलं.

आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा जिन्याखाली पिल्लं नव्हती. परत गेल्यावर मी काही पाहिलं नाही, माझं लक्ष नव्हतं. मी ऋचाला सांगून त्या भाचीला विचारायला लावलं. फक्त एवढंच विचार म्हटलं, की कुत्रीला पिल्लं किती झाली. उत्तर आलं: "तीन. एक गेलं. दोन आहेत." ऋचा डॉक्टरकी शिकलेली मुलगी आहे. तिनं मला फोनवर हे सांगितलं आणि म्हणाली, मावशी, यावर मी काही बोलू शकत नाही.

कमल आता माझ्याकडेच राहते. नितीन रविवारी येतो, मुलांना आणतो, जेवून जातो. त्याला यातलं काही सांगितलं नाही. आम्ही भांडतो. परवाच भांडलो. पण अबोला मी सोडला. कोणाशीच धरत नाही आता.

हे इथे द्यायच्या आधी मी कमलला वाचून दाखवलं, तिचं नाव आहे म्हणून. सगळं ऐकलं तिनं. एकाच ठिकाणी मला थांबवलं — मी कॉटवर बसून बोलले, तिथे.

"तू कॉटकडं पाहून काहून बोलत होती?" ती म्हणाली. "मी तिथं नव्हती. मी तुह्या मागं दारात उभी होती. तू पयली हाक मारली तवाच उठून तिथं आली होती."

ऋचाला विचारलं. ती शपथेवर सांगते की कमलमावशी तेव्हा खाली बाकावर होती, तिचे हात तिनं क्षणभर सोडले नव्हते. दोघीही खोटं बोलणाऱ्या नाहीत. दार माझ्या पाठीशी होतं, उघडं होतं, आणि बोलून संपेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, हे मी पुष्कळदा विचार करून पाहिलं. मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा.